सिस्टिमिक स्क्लेरोसिस : आयुर्मान व मृत्यूची जोखीम

त्वचा, रक्तवाहिन्या आणि आंतरिक अवयव यांत तंतुमय ऊतक वाढविणाऱ्या स्वप्रतिकारजन्य विकारातील जगण्याचा कालावधी व मृत्यूची कारणे (पहा : स्वप्रतिकार विकार).

नेपल्सच्या कार्लो कुर्झिओ यांनी 1753 मध्ये त्वचा कठीण झालेल्या रुग्णाचे वर्णन केले. अशा कठीण त्वचेसाठी स्क्लेरोडर्मा ही संज्ञा 1847 मध्ये रूढ झाली. स्त्रियांत प्रमाण अधिक असते. सिलिकाची धूळ हा ज्ञात जोखीम घटक आहे (पहा : सिलिकोसिस). खाणकामात ही धूळ श्वासात जाऊ शकते; यवतमाळ जिल्ह्यात वणी परिसरात कोळशाच्या खाणी असल्याने रुग्णाच्या व्यावसायिक इतिहासाची नोंद तेथे प्रस्तुत ठरते.

थंडीत बोटे पांढरी, निळी व नंतर लाल होणे हे बहुधा पहिले लक्षण असते (पहा : रेनो लक्षण). त्वचेची जाडी शरीराच्या 17 ठिकाणी चिमटीत धरून प्रत्येकी 0 ते 3 गुणांनी मोजतात. कमाल गुण 51. त्वचेची जाडी धडापर्यंत पसरणाऱ्या विसरित प्रकारात आयुर्मान ती हातपाय व चेहऱ्यापुरती राहणाऱ्या मर्यादित प्रकारापेक्षा कमी असते. पुरुष, उतारवयात रोग जडलेले आणि हृदय, फुप्फुस वा मूत्रपिंड बाधित झालेले रुग्ण यांत जोखीम वाढते.

पूर्वी मूत्रपिंडाचा तीव्र बिघाड हे मृत्यूचे प्रमुख कारण होते. 1980 च्या दशकापासून एसीई-रोधक औषधांमुळे ते मागे पडले. आता फुप्फुसतंतुता व फुप्फुसधमनीतील उच्च रक्तदाब अग्रस्थानी आहेत. त्यामुळे श्वसनक्षमता चाचणी, इकोकार्डिओग्राफी व रक्तदाबमापन ठरावीक अंतराने करतात.