सशाचा कान

ट्यूब जेमतेम बोटभर लांबीची. तिच्यावर बारीक अक्षरांत एक लांबलचक शब्द छापलेला: ‘नॉन-कॉमेडोजेनिक’. अकरावीतल्या माझ्या भाचीला विचारलं, “याचा अर्थ काय गं?”

“मुरमं न आणणारं.”

“कुणी तपासलं?”

“असेल गं मावशी कुणीतरी डॉक्टरनं.”

तिचं उत्तर अर्धं बरोबर होतं. डॉक्टर होते खरे. पण ज्याच्यावर तपासलं तो पेशंट नव्हता, ससा होता.

या शब्दाचं कूळ शोधायला लागलं, की पहिल्यांदा भेटतो एक खादाड. लॅटिनमध्ये ‘कोमेदेरे’ म्हणजे खाऊन टाकणं आणि ‘कोमेदो’ म्हणजे खादाड माणूस. नाकाजवळचा काळा ठिपका दोन नखांत दाबला की पिवळट, मेणचट तंतू बाहेर येतो, टोकाला काळं डोकं. युरोपातल्या जुन्या लोकांना तो अळीसारखा दिसला, मांस खाऊन पोसलेल्या अळीसारखा. त्यावरून ‘कॉमेडो’. आपल्याकडे मुरमातून निघणाऱ्या गाठीला खीळ म्हणतात, आणि हेच नाव जास्त नेमकं आहे. तिथे खाणारं कुणी नसतं. तोंडात काहीतरी घट्ट बसलेलं असतं. सुश्रुतसंहितेत याच विकाराचं नाव मुखदूषिका. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पिटिका, असं तिथलं वर्णन. सावरीचं खोड ज्यानं पाहिलंय, त्याला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शाळेच्या पुस्तकातली ‘तारुण्यपिटिका’ही त्याच घराण्यातली.

ही खीळ बसते कशी? चेहऱ्याच्या प्रत्येक रोमरंध्राला तेलाची ग्रंथी जोडलेली असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, ग्रंथी फुगतात, तेल जास्त सुटतं. त्याच वेळी रंध्राच्या आतल्या अस्तराच्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटून राहतात. तेल आणि पेशी मिळून तोंडात बूच बसतं. तोंड बंद राहिलं तर पांढरा उंचवटा, उघडं राहिलं तर काळा ठिपका. हा काळेपणा मळाचा नाही. त्वचेतलं मेलॅनिन आणि हवा लागून बदललेलं तेल यांचा तो रंग आहे. म्हणून खसाखसा घासून तो जात नाही, उलट चेहरा लाल होतो. बुचामागे कोंडलेल्या तेलावर क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस हा आपल्या त्वचेवर एरवीही राहणारा जंतू वाढतो, आग होते, पू होतो. मुरूम आपल्याला दिसतो तेव्हा आतली खीळ कित्येक आठवड्यांची जुनी असते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती कामाला येणार आहे.

आता ससा. त्याची गोष्ट सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात सुरू होत नाही, कारखान्यात होते. १८९९ साली फ्रँकफुर्टचे त्वचारोगतज्ज्ञ कार्ल हर्क्सहायमर यांनी क्लोरीन तयार करणाऱ्या कामगारांच्या अंगावर एक विचित्र पुरळ पाहिलं. गालांवर, कानांमागे खिळाच खिळा, आणि वय मुरमांचं नव्हे. त्यांनी नाव दिलं ‘क्लोरॲक्ने’. दोष क्लोरीन वायूचा नसून काही क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनांचा आहे, हे नंतर कळलं. विजेच्या तारांच्या आवरणात अशी रसायनं वापरली जात. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर केबल ओढणाऱ्या कामगारांना इतकं पुरळ उठलं, की ‘केबल रॅश’ हे नावच पडलं. कुठलं रसायन घातक हे कामगाराच्या तोंडावर उठण्याआधी कळायला हवं होतं. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या डाउ या रसायन कंपनीच्या संशोधकांनी त्यासाठी सशाचा कान निवडला.

निवड हुशारीची होती. सशाच्या कानाची आतली बाजू जवळपास उघडी असते, आणि तिथल्या तेलग्रंथी मोठ्या. एका कानाला रसायन चोपडायचं, दुसरा तुलनेला कोरा ठेवायचा. रसायन वाईट असेल तर कान जाड होतो, हाताला खरखरीत लागतो, रंध्रांची तोंडं बुचांनी भरतात. माणसाच्या गालाला जे व्हायला महिने लागतात, ते सशाच्या कानावर दोन-तीन आठवड्यांत दिसतं. मग त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बुचं मोजायची. इथपर्यंत हेतू कामगार वाचवण्याचा होता, क्रीम विकण्याचा नव्हता.

कान कारखान्यातून ड्रेसिंग टेबलापर्यंत आणला तो फिलाडेल्फियाच्या आल्बर्ट क्लिगमन यांनी. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले हे त्वचारोगतज्ज्ञ मुरमांच्या शास्त्रातलं मोठं नाव. व्हिटॅमिन ‘ए’पासून बनणारं ट्रेटिनॉइन मुरमांवर चालतं, हे १९६९ साली त्यांनी, जेम्स फुल्टन आणि गर्ड प्लेविग यांच्यासह मांडलं. आजही ते औषध खीळ सैल करण्यासाठी वापरलं जातं. पण हेच क्लिगमन १९५१ पासून १९७४ पर्यंत होम्सबर्गच्या तुरुंगात कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग करत होते. साठच्या दशकात डाउच्याच पैशावर त्यांनी कैद्यांच्या अंगावर डायॉक्सिन लावलं, क्लोरॲक्ने किती मात्रेला उठतो ते पाहायला. कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेनं २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहरानं २०२२ मध्ये माफी मागितली. घराण्याची वंशावळ काढायची तर असली पानं फाडून टाकता येत नाहीत.

१९७० साली याच त्रिकुटानं ‘पोमेड ॲक्ने’चं वर्णन केलं. केस चापून बसवायला लावलेलं तेलकट मलम कपाळावर ओघळतं, आणि कपाळाच्या कडेनं, कानशिलांवर एकसारख्या बारीक खिळा उठतात. केसांना तेल थापणाऱ्या आपल्या घरांत हे चित्र कुणालाही ओळखू येईल. १९७२ मध्ये क्लिगमन आणि ओटो मिल्स यांनी ‘ॲक्ने कॉस्मेटिका’ हे नाव दिलं. मुरमांचं वय उलटलेल्या बायकांच्या गाला-हनुवटीवर मुरमं का येतात, तर रोज लावायच्या क्रीममुळे. त्यांनी बाजारातली क्रीमं सशाच्या कानावर लावून पाहिली, आणि निम्म्याच्या आसपास क्रीमांनी खिळा बसवल्या. लॅनोलिन, ब्यूटिल स्टीअरेट, ओलेइक आम्ल, काही वनस्पती तेलं अशी संशयितांची नावं पुढे आली. चेहरा मऊ करायला घेतलेली वस्तूच चेहऱ्याची वैरी ठरते, ही बातमी कंपन्यांच्या पोटात गोळा आणणारी होती. आणि धंद्याची संधीही.

संधीला आकडे मिळवून दिले फुल्टन यांनी. १९८४ आणि १९८९ मध्ये त्यांनी घटकांच्या लांबलचक याद्या छापल्या. प्रत्येक घटक सशाच्या कानाला दोन आठवडे लावायचा आणि ० ते ५ असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे निर्धोक, पाच म्हणजे खिळांचा सडा. आयसोप्रोपिल मायरिस्टेट हा क्रीम चटकन जिरवणारा घटक पाचावर गेला. खोबऱ्याचं तेल चारावर. मिनरल ऑइल, ज्याला आजही लोक नावं ठेवतात, ते शून्यावर. गालावरची लाली रंगवणारे काही लाल रंगसुद्धा दोषी निघाले. आज फोनवर एखाद्या क्रीमचे घटक टाकले की हिरवे-लाल ठिपके दाखवणारी जी यंत्रणा असते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच जुने आकडे असतात. भाचीच्या फोनमधल्या ठिपक्यांमागे सशांचे कान आहेत, हे तिच्या गावीही नव्हतं.

गंमत अशी की सशाच्या कानावर शंका हे आकडे छापून येण्याआधीच, त्यांच्या घरातूनच आली होती. १९८२ मध्ये मिल्स आणि क्लिगमन यांनी हीच परीक्षा माणसाच्या पाठीवर घेतली. पदार्थ लावून वर पट्टी बंद, चार आठवडे. मग झटपट चिकटणारा डिंक काचेला लावून पाठीवर दाबायचा आणि उचलायचा. रंध्रांतली बुचं काचेबरोबर उपटून येतात. सशाच्या कानावर थोडीफार खीळ बसवणारे पदार्थ माणसाच्या पाठीवर निरुपद्रवी ठरले. सशाचा कान माणसाच्या त्वचेपेक्षा फारच हळवा. पुढे अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीनं बोलावलेल्या परिसंवादाचा निष्कर्ष समंजस होता: सशाच्या कानावर पास झालेला पदार्थ माणसालाही बहुधा चालेल, नापास झालेल्याबद्दल मात्र लगेच निकाल देऊ नका. २००६ साली झो ड्रेलोस आणि जोसेफ डिनार्डो यांनी आणखी एक धागा सोडवला. ‘वाईट’ घटक असलेली तयार क्रीमं माणसांवर लावली, तर ती खिळा बसवतीलच असं नाही. घटक किती टक्के आहे आणि कशात मिसळलाय, यावर सगळं ठरतं. मिठाच्या बरणीला गुण देऊन आमटीची चव ठरत नाही, तसंच हे.

मग ट्यूबवरचा शब्द? अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाकडे ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ची कायदेशीर व्याख्या नाही. एखाद्या कंपनीनं माणसांवर महिनाभर तपासून तो छापलेला असेल, दुसरीनं नुसती यादी पाहून. दोन्हीकडे अक्षरं सारखीच. भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणी-चाचण्यांवर बंदी आहे, ससा सुटला. आकडे मात्र सुटले नाहीत, ते एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत राहिले.

म्हणून शब्द टाकून द्यायचा का? नाही. दुकानातल्या पन्नास ट्यूबांतून पाच वेगळ्या काढायला तो पुरतो. पाचांतली एक निवडायला पुरत नाही. तिथे मघाची गोष्ट कामाला येते. रात्री क्रीम लावलं आणि सकाळी मुरूम आला, तर तो त्या क्रीमच्या खिळेचा नव्हे. एवढी घाई सशाच्या कानालाही जमत नाही. दोन-चार दिवसांत चेहरा चुरचुरला, लाल झाला, तर ती जळजळ. खीळ बसवणारं क्रीम आपले गुण कित्येक आठवड्यांनी दाखवतं. एकाच वेळी चार नव्या वस्तू सुरू केल्या, तर चोर कोण हे कधीच कळत नाही. एका वेळी एकच नवी वस्तू, आणि दीड-दोन महिने धीर.

वस्तूही मोजक्याच लागतात. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, कारण चारदा धुतल्यानं ग्रंथी थांबत नाहीत, त्वचाच चिडते. हलकं जेलसारखं मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्यालाही ते लागतं, कारण मुरमांची औषधं कोरडेपणा आणतात. दिवसा पातळ सनस्क्रीन. खिळा जास्त असतील तर सॅलिसिलिक आम्ल किंवा रात्री ॲडापलीन, पण गरोदरपणात ॲडापलीन-ट्रेटिनॉइन नको. लाल, पूवाली मुरमं असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि तेही अडीच टक्क्यांचं. १९८६ मध्ये मिल्स-क्लिगमन यांनीच दाखवलं, की लाल मुरमांवर अडीच टक्के दहा टक्क्यांइतकंच चालतं, जळजळ मात्र कमी. (उशीचा अभ्रा पांढरा घ्यावा, रंगीत कापडाचा रंग ते खातं.) लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत स्क्रब ही चिडलेल्या त्वचेला आणखी चिडवणारी मंडळी. आणि शेजारणीनं दिलेली, चार दिवसांत चेहरा उजळवणारी ट्यूब घेण्याआधी घटक वाचावेत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं दिसली तर ते स्टेरॉइड आहे. ते स्वतःच मुरमं आणतं. २०१८ मध्ये सरकारनं अशा चौदा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची बंदी केली ती उगीच नाही. गाठी खोल आणि दुखऱ्या असतील, खड्डे पडत असतील, तर ट्यूबांचा खेळ थांबवून त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

भाचीनं शेवटी विचारलं ते तेलाचं. “खोबरेल चारावर आहे ना? मग आजीला सांग, आता डोक्याला तेल नाही.”

मी तिचे केस मागे सारले. गाल बऱ्यापैकी स्वच्छ होते. केसांच्या रेषेला लागून मात्र, जिथे तेल ओघळून येतं तिथे, दाणे एका ओळीत बसलेले. माझ्या आईनं चष्मा लावून पाहिलं आणि फैसला दिला, “केसांना लावते ते केसांनाच राहील. कपाळाला फडकं बांधीन, आणि न्हायच्या आधी तासभरच.”

मग भाचीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दुधाच्या हिशेबाच्या चौकटीत, ‘१ लि.’च्या खाली, पेन्सिलीनं लिहिलं: ‘कपाळाला तेल बंद’. ट्यूब तिनं महिनाअखेरपर्यंत उघडायची नाही असं ठरवलं. एका वेळी एकच. ससा दोन आठवड्यांत निकाल द्यायचा. हिचं कपाळ दोन पानं उलटायला लावणार.