सुइणीच्या हातून

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या खोलीचे माप दिलेले आहे. लांबी आठ हात, रुंदी चार हात, दार पूर्वेला किंवा दक्षिणेला. खोलीत चार बायका असाव्यात. वयाने पोक्त, बाळंतपणे करण्यात मुरलेल्या, ज्यांच्याविषयी मनात किंतु येऊ नये अशा, आणि नखे कापलेल्या. चरकाने याच कामासाठी स्वतः अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू बायका सुचवल्या आहेत. वैद्य ग्रंथ लिहितो, काढे सांगतो. पण बाळ हातात घ्यायचे काम त्याने निःसंकोचपणे बायकांकडे सोपवले आहे. सुश्रुत त्यापुढेही जातो. प्रसूतीनंतर दीड महिना त्या बाईचे खाणेपिणे, स्नान, शेक सांभाळावा आणि मगच तिला बाळंतपणातून मोकळी समजावे, असे तो सांगतो. प्रसूतीची रात्र हा त्याच्या दृष्टीने लांबलचक सोबतीतला एक टप्पा होता. ही सोबत पुढे कोणाकोणाच्या हाती गेली आणि कशी विभागली गेली, ते आपण पाहू.

ग्रंथातली ती पोक्त बाई मराठी मुलखात सुईण म्हणून ओळखीची आहे. तिला दिवस गेल्याचे सांगावे लागत नसे. सुइणीपुढे पोट लपत नाही ही म्हण उगाच पडलेली नाही. सातव्या-आठव्या महिन्यात ती पोटावर तेलाचा हात फिरवून मूल आडवे आहे की सरळ ते पाही. पहिलटकरणीच्या कळा खऱ्या की खोट्या, हे कमरेवर हात ठेवून सांगे. बाई मोकळी झाली तरी वार पडेपर्यंत ती जागची हलत नसे. मग नाळ कापणे, वार पुरणे, पोट बांधणे आणि दुसऱ्या दिवसापासून आईला व बाळाला न्हाऊ घालणे. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा, बाळंतशेपा, वावडिंगाची धुरी. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्याला बारसे, आणि तेव्हा सुइणीला लुगडे-चोळी, नारळ, पायलीभर धान्य. याच खोलीची दुसरी बाजूही आपण नजरेआड करू नये. नाळ घरातल्या विळ्याने किंवा हाताशी असेल त्या पात्याने कापली जाई, आणि नवजात बाळाला होणारा धनुर्वात साधारण पहिल्याच आठवड्यात दिसतो. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे ललाट लिहायला येते, या समजुतीमागची भीती अगदी निराधार नव्हती, असे मला वाटते.

अनेक गावांत हे काम मांग समाजातल्या बायकांकडे असे. वरच्या जातीच्या घरात तिचा हात चाले. पण तो चाले तेवढाच वेळ. विटाळाचे काम म्हणून ते तिचे, आणि ते करते म्हणून ती विटाळाची. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये पुण्यातल्या फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. तिचे वय तेव्हा अवघे चौदा वर्षांच्या आसपास. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरांवर छप्परही नसते आणि थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे तिने अनुभवाने लिहिले. दुसऱ्यांची बाळंतपणे करणाऱ्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाची ही बहुधा मराठीतली पहिली छापील नोंद असावी. सुश्रुताची आठ हात लांब खोली सगळ्यांसाठी कधीच नव्हती. पुढे १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा घेऊन जावे. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचे मूल फुले दांपत्याने दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. बाळंतपण ही घराबाहेरच्या माणसांनीही उचलायची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे या घरातूनही पुढे आला, ही गोष्ट आरोग्याच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

दरम्यान युरोपात प्रसूतीच्या खोलीत पुरुष डॉक्टर शिरला होता. व्हिएन्नाच्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन कक्ष होते, एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी. पहिल्या कक्षात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. शवविच्छेदन करून विद्यार्थी थेट बाळंतिणीकडे येतात, हे इग्नाझ सेमेलवाइसच्या ध्यानात आले. १८४७ मध्ये त्याने क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. नखे कापायला सांगणारा सुश्रुत इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मात्र त्याला जंतू ठाऊक होते, असा अर्थ त्यातून काढू नये.

मुंबईत हे नवे शास्त्र बायकांपर्यंत पोचवण्यात स्त्री डॉक्टरांचा मोठा वाटा होता. एडिथ पेची १८८३ मध्ये इंग्लंडहून आल्या, आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. कोवळ्या वयात झालेले आपले मूल दहा दिवसांत गमावलेल्या या मुलीने प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. १८८५ च्या डफरिन निधीने स्त्री डॉक्टर पुढे आणल्या, आणि १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुइणींना प्रशिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी निघाला. त्या काळच्या अहवालांत मात्र सुईण जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभी दिसते. अस्वच्छ, अडाणी, घातकी. त्यातले बरेचसे खरेही होते. पण तिने केलेल्या सव्वा महिन्याच्या सेवेचा रकाना त्या अहवालांत नव्हता.

पुढची पावले कायद्याची. इंग्लंडमध्ये १९०२ मध्ये सुइणींचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी व आरोग्यसेविका यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये. १९०९ मध्ये निघालेल्या पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी आधीच विधवा आणि परित्यक्ता बायकांना या पेशाकडे वळवले होते. १९४६ च्या भोर समितीने देशात प्रशिक्षित सुइणी जेमतेम पाच हजार असल्याचे नोंदवून लाखभर हव्यात असे सांगितले. स्वातंत्र्यानंतर ती जागा एएनएमने, म्हणजे सहायक परिचारिका-सुइणीने, भरायची होती. पहिली काही वर्षे ती बाळंतपणेच करी. मग कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे आली, आणि १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर ती बहुउद्देशीय कार्यकर्ती झाली. लसी, हिवतापाची रक्तपट्टी, नसबंदीच्या केसेस, रजिस्टरे, बाळंतपण शेवटी. माझ्या मते या साऱ्या प्रवासातले सर्वांत मोठे नुकसान इथे झाले, कारण गावातली सुईण मागे सारली जात असतानाच तिची शिकलेली वारसही त्या खोलीतून उठून गेली.

तुटलेला धागा पुन्हा हाती आला तो गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या गावच्याच बायकांना नवजात बाळाच्या घरी पाठवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले होते. याच धर्तीवर २०११ पासून आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देते. सुश्रुताचा दीड महिना, आपल्याकडचा सव्वा महिना आणि सरकारी तक्त्यातले ४२ दिवस, हे तिन्ही आकडे इतके जवळ यावेत याची गंमत वाटते.

आज महाराष्ट्रात ९५ टक्क्यांच्या आसपास प्रसूती दवाखान्यात होतात, २०१५ मध्ये देश माता-नवजात धनुर्वातातून मुक्त जाहीर झाला, आणि बाळंतपणात आई जाणे ही पूर्वीसारखी घरोघरची गोष्ट राहिलेली नाही. दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली दर चौथी प्रसूती सिझेरियनने झालेली दिसते, आणि खासगी दवाखान्यांत हे प्रमाण आणखी वर जाते. वाढत्या सिझेरियनला उतारा म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्येच मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. नोंदणीकृत परिचारिकेला दीड वर्षाचे वेगळे शिक्षण द्यायचे, गुंतागुंत नसलेली बाळंतपणे तिच्या अखत्यारीत सोपवायची आणि अडचण दिसली की डॉक्टरला बोलवायचे, अशी ती योजना. कळांच्या वेळी बाईने चालावे, बसावे, उकिडवे व्हावे, जवळ आपले माणूस असावे, हे त्यात पुन्हा मान्य झाले आहे. पण ही मिडवाइफ पाळीने काम करते आणि बाळ-बाळंतीण घरी गेले की तिचा त्यांच्याशी संबंध सहसा संपतो. तपासणी एकीकडे, प्रसूती दुसरीकडे, घरच्या भेटी आशाकडे. तेल लावून बाळाला पायांवर न्हाऊ घालणारी बाई पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये महिन्याच्या बोलीवर अजून येते. तिच्या कामाचा उल्लेख मात्र कोणत्याच मार्गदर्शक तत्त्वांत नाही.