गाडीचे दात

आमच्या आटपाडी-खानापूर भागात चारचाकी आली ती आधी सरकारची म्हणून, मग कारखान्याची, मग पुढाऱ्याची आणि सगळ्यात शेवटी घराची. घराची म्हणून जी आली ती बहुतेक वापरलेलीच. कोरी गाडी घेणारा गावात एखादाच. बाकीच्यांनी घेतल्या त्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताच्या, पण सगळं घर एका खेपेत बसेल एवढ्या मोठ्या.

त्याआधी माणसांना नेणारी गाडी म्हणजे एसटी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. आमच्या गावापर्यंत ती यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. जीप गड्यांनी पाहिली ती महायुद्धानंतर लिलावात निघालेली, डिस्पोजलची. पुढं १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि पंचायत समितीची जीप गावात फिरायला लागली. धुरळा उडाला की लोक म्हणायचे, "बीडीओ आलं वाटतं." जीप म्हणजे साहेब, हे समीकरण तेव्हा बसलं ते पंचवीस वर्षं टिकलं.

ते मोडलं ट्रॅक्सनं. बजाज टेम्पोची ही गाडी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आली. पुढं ड्रायव्हर नि दोघं, मागं समोरासमोर लांब बाकडी. दहा माणसं रीतसर मावायची. बाजाराच्या दिवशी किती मावायची ते विचारू नये. तिचं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं, त्यामुळं पारावर बसणारा माणूसही "मर्सिडीजचं इंजिन हाय" असं ऐटीत सांगायचा. तिच्या जोडीला महिंद्राची कमांडर. या दोन गाड्यांवर आमच्याकडची वडापं उभी राहिली. १९९४ साली टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलेलं. ठेकेदार, बागायतदार सुमोकडं वळले आणि त्यांच्या दारातल्या ट्रॅक्स, कमांडर आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या.

आमच्या घरात चौदा माणसं. मुक्कामाची एसटी रात्री आठला यायची आणि सकाळी सहाला परत जायची. रात्री आठ ते सकाळी सहा गाव तुटलेलं. १९९५ च्या पावसाळ्यात धाकट्या काकीला मध्यरात्री कळा सुरू झाल्या. मुक्कामाची एसटी देवळापुढं उभीच होती, पण ड्रायव्हर-कंडक्टर तरी काय करणार? बैलगाडीतून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, तिथून एका ट्रकनं पुढं. काकी वाचली, पोर गेलं. त्यानंतर घरात गाडी घ्यायची का, यावर कुणी वाद घातला नाही. वाद झाला तो कशी घ्यायची यावर.

आबांना एकच खरेदी नीट माहीत होती, ती बैलाची. खरसुंडीच्या पौषी यात्रेत त्यांनी आयुष्यभर खिलार जनावरं घेतली-विकली. दात बघून वय ओळखायचं, पाठीवरून हात फिरवायचा, चालवून पाय बघायचे, मग रुमालाखाली हेड्याची बोटं दाबून भाव करायचा. बैल आणून दावणीला बांधला की तो आपला. कागद लागत नव्हता असं नाही, पण शब्द मोठा होता.

१९९७ साली कोल्हापूरकडच्या एका ठेकेदाराची सहा वर्षं वापरलेली ट्रॅक्स बघायला ते गेले, तेव्हा त्यांनी मिस्त्रीला पहिला प्रश्न केला, "हिचं दात कुठं बघायचं?"

मिस्त्री हसला नाही. त्यानं गाडी थंड असताना चालू करायला लावली. निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय, काळा आला तर डिझेल नीट जळत नाही. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून हात धरला; तिथून वाफेसारखा धूर जोरानं बाहेर फेकला गेला तर आत पिस्टन-रिंगा झिजलेल्या. खाली झोपून चासीला कुठं वेल्डिंग मारलंय का बघितलं, पाट्यांची पानं मोजली, पुढचं चाक जॅकवर उचलून हलवून बघितलं. किलोमीटरच्या काट्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. "तो काटा कुणीबी फिरवतंय. पायाखालचं पेडल किती झिजलंय ते बघा," म्हणाला. आबांना हे पटलं. बैलाच्या खुरासारखंच होतं ते.

सौदा एक लाख दहा हजाराला ठरला. त्यातले साठ हजार थोरल्या काकीच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवून उभे केले. थोरले काका तमिळनाडूत गलाईच्या दुकानात. आमच्या भागातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत, त्यातले एक. त्या पाटल्या त्यांच्या वीस वर्षांच्या कमाईच्या.

ठेकेदार म्हणाला, "फॉर्मवर सह्या करून देतो. नाव चढवा सावकाश." तेव्हा सगळे असंच करत. आबाही तयार होते.

थोरली काकी तिसरी शिकलेली. सासऱ्यापुढं ती बोलायची नाही, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तात्याला म्हणाली, "भावजी, मामंजींना इचारा, गाडीवर बोजा हाय का बघितलं का?"

बोजा हा शब्द तिला सातबाऱ्यामुळं ठाऊक होता. सोसायटीचं कर्ज काढलं की इतर हक्कात बोजा चढतो, फेडलं तरी कमी करून घेतल्याशिवाय उतरत नाही. गाडीचंही तसंच असणार, असा तिचा हिशेब. आदल्याच वर्षी गावातल्या एकानं शब्दावर कमांडर आणली होती. पहिल्या मालकानं कर्जाचे हप्ते थकवलेले. वसुलीवाले आले आणि भरदिवसा गाडी ओढून घेऊन गेले. पैसेही गेले, गाडीही गेली.

आरसी बुक उघडलं तर खरंच फायनान्सची नोंद होती. कर्ज फिटलेलं, नोंद तशीच. मग ठेकेदाराला फॉर्म ३५ आणायला लावला, कोल्हापूरच्या आरटीओचं ना-हरकत फॉर्म २८ वर, विक्रीची खबर २९ वर, नाव बदलायचा अर्ज ३० वर. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिलीनं छाप काढली. हे सगळं सांगलीला पुरं व्हायला दोन महिने लागले. कायद्यानं विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं असतं; ते तेव्हा गावात कुणालाच माहीत नव्हतं.

नाव कुणाचं लावायचं, हा शेवटचा प्रश्न. तात्या गाडी चालवणार, म्हणून त्याचं, असं सगळे धरून चाललेले. आबा म्हणाले, "सोनं जिचं, नाव तिचं." शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावावर जमीन करा म्हणून सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. जमिनीचं त्यांना जमलं नाही, गाडीचं जमलं. पारावर चेष्टा झाली. पण मालकाला गाडी चालवता आलीच पाहिजे, असं कायदा कुठं म्हणतो? काकीनं अक्षर लावून सही केली.

पुढं तात्याला बाजाराच्या दिवशी वडाप भरायची हुक्की आली. गाडी खाजगी पासिंगची. भाड्यानं माणसं घेतली आणि काही झालं तर विमा हात वर करणार. "वैनी, डिझेलचं तरी निघंल," तो म्हणाला. "नाव माझं हाय, भावजी," एवढंच काकी बोलली. वडाप झालं नाही. मात्र रात्रीअपरात्री गावातल्या कुणाचंही दुखलं-खुपलं की गाडी निघायची, मिरजेपर्यंत. त्याचे पैसे काकीनं घेतले नाहीत. धाकट्या काकीची पुढची दोन्ही बाळंतपणं मिरजेतच झाली.

२००४ ला भाऊ वेगळे झाले. रान वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, भांडी मोजली. गाडीपाशी येऊन सगळे थांबले, आणि आरसी बुकातलं नाव वाचून पुढं गेले.

२००६ ला पंधरा वर्षं भरली. पासिंग पाच वर्षांनी वाढवून घेतलं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात सांगितलं, की गाडी विकली तरी नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार. काकीनं २००९ मध्येच ट्रॅक्स एका दूधवाल्याला विकली होती. पैसे मिळाले, गाडी गेली, पण नाव बदलल्याचा कागद हातात पडेपर्यंत तिनं दुसरी किल्ली कनवटीलाच ठेवली होती.