पाळक त्यांचे, पगारही त्यांचाच

होडी गुलांग्यू बेट सोडते तेव्हा भरतीला नुकतीच सुरुवात झाली आहे. साल 1863, वसंत ऋतू. हवा दमट, कपडे अंगाला चिकटलेले. समोर अमॉय, म्हणजे आजचं शियामेन. बंदरात चिनी जहाजांच्या डोलकाठ्या, त्यांच्यापलीकडे चहा आणि अफू वाहणारी परदेशी गलबतं. मनिला, सिंगापूरकडे पोट भरायला निघालेली तरुण मुलं धक्क्यावर गाठोडी घेऊन बसली आहेत. ज्या बेटावरून तुम्ही आलात ते 1841 मध्ये इंग्रज आरमारानं घेतलं आणि पुढच्याच वर्षी डेव्हिड अबील हा अमेरिकी मिशनरी तिथं उतरला. तोफा आधी, शुभवर्तमान मागून. हा क्रम तुम्हीही लक्षात ठेवा. आज जे बघायला आलात त्याचं मोल त्यावाचून कळायचं नाही.

धक्क्यावरून आत शिरा. गल्ली इतकी अरुंद की पालखी आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. सुकत घातलेली मासळी, देवळातून येणारा उदबत्तीचा धूर. पोरं कुतूहलानं तुमच्या मागे लागतात.

शिन्जिए रस्त्यावरचं हे प्रार्थनामंदिर 1848 मध्ये उभं राहिलं. चीनमध्ये प्रोटेस्टंट मंडळीसाठी मुद्दाम बांधलेलं हे पहिलं मंदिर मानतात. त्यासाठी झटलेला मिशनरी विल्यम पोलमन अर्पणविधीला हजर नव्हता. 1849 च्या जानेवारीत हाँगकाँगहून परतताना जहाज फुटलं आणि तो बुडाला.

आत बसा. बायका वेगळ्या बसल्या आहेत. पलीकडच्या एका म्हातारीकडे बघा. बांधलेल्या पावलांनी ती कशीबशी इथवर आली आहे आणि आता मांडीवरच्या पुस्तकात एकेक ओळ बोटानं चाचपत वाचते आहे. अक्षरं रोमन, भाषा तिच्या स्वयंपाकघरातली. हजारो चिनी चिन्हं शिकायला वर्षानुवर्षं लागतात. ती सवड तिच्यासारखीला कोण देणार? जॉन टालमेज या मिशनऱ्यानं 1852 मध्ये रोमन अक्षरांतली बाराखडीसारखी छोटी पुस्तिका काढली, आणि काही महिन्यांत बायका वाचू लागल्या. मिशनऱ्यांच्या सगळ्या कामात मला हे सर्वांत मोठं वाटतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं वचन आणि स्वतः वाचलेलं वचन यांत फार अंतर आहे.

आता समोर बघा. दोन चिनी गृहस्थ गुडघे टेकतात: लो ताऊ आणि इआप हान-चिओंग. डोक्यांवर हात ठेवले जातात, प्रार्थना होते, आणि ते पाळक म्हणून उठतात. अमॉयच्या मंडळ्यांचे हे पहिले चिनी पाळक. त्यांना मिशननं नेमलेलं नाही, मंडळ्यांनी बोलावलं आहे. लो ताऊ या मंदिराचे, इआप शहरातल्याच दुसऱ्या मंडळीचे. पगारही मंडळीच देणार, म्हणजे दुकानदार, कारागीर, हमाल यांच्या गाठीच्या पैशांतून. तेव्हा पाळकाला जाब विचारायचा हक्कही त्यांचाच.

टालमेज मात्र आज इथं नाही. तो अमेरिकेत आहे, आपल्याच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडपुढे, म्हणजे सर्वोच्च सभेपुढे, या लोकांची बाजू मांडायला. अमेरिकी आणि इंग्लिश प्रेस्बिटेरियन मिशनांनी घडवलेल्या मंडळ्यांनी 1862 मध्ये मिळून एकच चिनी सभा स्थापली, ‘ताइ-होए’. तिच्यात मंडळ्यांचे चिनी वडीलजन आणि मिशनरी एकत्र बसून निर्णय घेतात. सिनडला हे मान्य नाही. इथल्या मंडळ्या अमेरिकी चर्चचीच शाखा व्हाव्यात असा तिचा आग्रह. अमॉयच्या मिशनऱ्यांचं म्हणणं सरळ आहे: ही मंडळी चिन्यांची आहे, तिचे तुकडे आमच्या देशांप्रमाणे का पाडायचे?

हा वाद मराठी वाचकाला परका वाटू नये. 1857 पर्यंत अमॉयचं हे काम ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेखाली होतं, त्याच बोर्डाचं मराठी मिशन मुंबईत आणि अहमदनगरला होतं. मंडळी कधी स्वतःच्या पायांवर उभी राहणार, हा प्रश्न तिथंही होताच.

उपासना संपली. लोक नव्या पाळकांभोवती जमले आहेत. तुम्ही पुढचं जाणता, ते जाणत नाहीत. जूनमध्ये सिनड मिशनऱ्यांच्या विरुद्ध निकाल देईल. मिशनरी कळवतील की हा हुकूम आम्ही अमलात आणणार नाही, हवं तर आम्हाला परत बोलवा, दुसरी माणसं पाठवा. आपल्याच वरिष्ठांशी असं भांडणारी माणसं त्या काळात विरळाच होती. तोफांमागून आलेल्या धर्माला या शहरात घर मिळालं ते इथल्या माणसांनी आपला पाळक आपण निवडला आणि पोसला म्हणून, आणि परदेशी माणसांनी त्यांचा तो हक्क हिरावू दिला नाही म्हणून.

1864 मध्ये सिनडनं माघार घेतली. ताइ-होए तशीच राहिली.