नर्सिंग होम सुधारणा कायदा, १९८७

नर्सिंग होम सुधारणा कायदा, १९८७ हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा एक संघीय कायदा आहे. दीर्घकालीन शुश्रूषेसाठी नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या व्यक्तींचे हक्क, त्यांना मिळणाऱ्या सेवेचा किमान दर्जा आणि त्यावरील सरकारी देखरेख यांची चौकट या कायद्याने आखून दिली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पविषयक सर्वसमावेशक कायद्याचा भाग म्हणून तो संमत झाला. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी २२ डिसेंबर १९८७ रोजी त्यावर स्वाक्षरी केली आणि त्यातील बहुतेक तरतुदी १ ऑक्टोबर १९९० पासून लागू झाल्या. मेडिकेअर व मेडिकेड या सरकारी योजनांतून पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमना हा कायदा बंधनकारक आहे. देशात अशी सुमारे १५,००० नर्सिंग होम असून त्यांत सुमारे १२ लाख व्यक्ती राहतात.

संज्ञा

महाराष्ट्रात 'नर्सिंग होम' हा शब्द सामान्यतः लहान खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह या अर्थाने वापरला जातो. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ हा कायदाही अशाच संस्थांसाठी आहे. अमेरिकेत मात्र अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा दैनंदिन व्यवहारांसाठी सतत मदत लागणाऱ्या व्यक्ती जेथे महिनोन्महिने किंवा आयुष्याच्या अखेरपर्यंत राहतात, त्या निवासी संस्थेस नर्सिंग होम म्हणतात. म्हणूनच कायद्यात 'रुग्ण' ऐवजी 'रहिवासी' हा शब्द योजलेला आहे.

पार्श्वभूमी

मेडिकेअर व मेडिकेड या योजना १९६५ साली सुरू झाल्यानंतर नर्सिंग होमना मोठ्या प्रमाणावर सरकारी पैसा मिळू लागला. परंतु तपासणीत मुख्यतः इमारत, साधने व कागदपत्रे पाहिली जात. रहिवाशांची प्रत्यक्ष स्थिती पाहण्याची सक्ती नव्हती. कोलोरॅडो राज्यातील रहिवाशांच्या वतीने १९७५ साली याविरुद्ध खटला दाखल झाला. स्मिथ विरुद्ध हेकलर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने १९८४ साली निकाल दिला. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्था प्रत्यक्षात चांगली सेवा देतात की नाही, याची खातरजमा करणे हे संघीय आरोग्य खात्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले.

दरम्यान १९८२ साली रेगन प्रशासनाने तपासणीचे नियम शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यास तीव्र विरोध झाल्यानंतर हा प्रश्न अभ्यासासाठी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेकडे सोपवण्यात आला. संस्थेच्या १९८६ च्या अहवालाने अनेक नर्सिंग होममधील सेवा निकृष्ट असल्याचे नोंदवून संघीय नियमन अधिक कडक करण्याची शिफारस केली. नवा कायदा मुख्यतः या अहवालावर आधारलेला आहे.

रहिवाशांचे हक्क

कायद्याने पुढील हक्क मान्य केले आहेत :

* आपला डॉक्टर निवडणे, उपचारांची पूर्वमाहिती मिळणे व उपचारांविषयीच्या निर्णयात सहभागी होणे.
* खासगीपणा व वैद्यकीय माहितीची गोपनीयता.
* सूडाची भीती न बाळगता तक्रार करणे.
* कुटुंबीयांना भेटणे, तसेच रहिवाशांच्या परिषदेत भाग घेणे.
* संस्थेच्या तपासणीचा अहवाल पाहणे.
* शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी लादलेल्या शारीरिक वा रासायनिक बंधनांपासून मुक्तता.

पट्ट्याने खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवणे हे शारीरिक बंधन होय. वैद्यकीय गरज नसताना गुंगी आणणारी किंवा मनोविकारावरील औषधे देऊन व्यक्तीस शांत ठेवणे यास रासायनिक बंधन म्हणतात.

रहिवाशास काढून टाकण्याची कारणेही मर्यादित आहेत. संस्थेत त्याची गरज भागू न शकणे, प्रकृती सुधारल्याने शुश्रूषेची आवश्यकता न उरणे, इतरांच्या सुरक्षिततेस किंवा आरोग्यास धोका, सूचना देऊनही पैसे न भरणे आणि संस्था बंद होणे, एवढीच कारणे ग्राह्य धरली जातात. साधारणपणे ३० दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते व रहिवाशास त्याविरुद्ध अपील करता येते. प्रवेश देताना नातेवाइकाने स्वतः पैशाची हमी द्यावी, अशी अट घालण्यास मनाई आहे.

सेवेचा दर्जा

प्रवेशानंतर १४ दिवसांच्या आत प्रत्येक रहिवाशाच्या शारीरिक व मानसिक क्षमतेचे मूल्यमापन करून त्यानुसार देखभालीचा लेखी आराखडा तयार करावा लागतो. संस्थेत चोवीस तास परवानाधारक परिचारिका आणि आठवड्याचे सातही दिवस रोज किमान ८ तास नोंदणीकृत परिचारिका असणे आवश्यक आहे. परिचर्या सहायकांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. १२० पेक्षा अधिक खाटा असलेल्या संस्थेत पूर्णवेळ समाजसेवक नेमावा लागतो.

अंमलबजावणी

राज्य सरकारची यंत्रणा पूर्वसूचना न देता प्रत्येक नर्सिंग होमची तपासणी करते. दोन तपासण्यांमधील अंतर १५ महिन्यांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन आहे. दोष आढळल्यास दंड, नव्या प्रवेशांसाठीचे पैसे रोखणे, तात्पुरता व्यवस्थापक नेमणे किंवा सरकारी योजनांतून वगळणे अशी कारवाई होऊ शकते. याखेरीज प्रत्येक राज्यात 'ओम्बुड्समन' ही स्वतंत्र तक्रारनिवारण व्यवस्था आहे. तिचे प्रयोग १९७२ साली सुरू झाले आणि १९७८ पासून ती सर्व राज्यांना सक्तीची झाली. ओम्बुड्समनला दंड करण्याचा अधिकार नाही. रहिवाशाची बाजू मांडून तोडगा काढणे हे त्याचे काम आहे.

न्यायालयीन दाद

हक्कभंग झाल्यास रहिवाशाने थेट संघीय न्यायालयात जावे, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात नाही. हेल्थ अँड हॉस्पिटल कॉर्पोरेशन ऑफ मॅरियन काउंटी विरुद्ध तालेव्हस्की या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ जून २०२३ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी सरकारी मालकीच्या नर्सिंग होमविरुद्ध अशी दाद मागता येते, असा निर्णय दिला. अनावश्यक बंधनांपासून मुक्तता आणि काढून टाकण्यापूर्वी सूचना, हे दोन हक्क या निर्णयाचा विषय होते. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन यांनी लिहिले. बहुसंख्य नर्सिंग होम खासगी असल्याने तेथील रहिवाशांना मात्र प्रामुख्याने राज्यांच्या कायद्यांवर विसंबावे लागते. प्रवेशाच्या वेळी लवादाच्या करारावर सही घेतली गेल्यास न्यायालयाचा मार्ग बंद होऊ शकतो. २०१९ च्या नियमानुसार अशी सही ही प्रवेशाची अट करता येत नाही.

परिणाम व टीका

कायदा लागू झाल्यानंतर शारीरिक बंधनांचा वापर लक्षणीयरीत्या घटला. मनोविकारावरील औषधांचा प्रश्न मात्र कायम राहिला. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये नव्या पिढीच्या अशा औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली दिला.

कोव्हिड-१९ साथीत हक्क आणि सुरक्षितता यांतील ताण ठळकपणे समोर आला. संसर्ग रोखण्यासाठी १३ मार्च २०२० पासून अत्यावश्यक कारणे वगळता भेटींवर बंदी आली आणि अनेक रहिवाशांचा मृत्यू कुटुंबीयांना न भेटताच झाला.

अपुरे मनुष्यबळ हा टीकेचा सर्वांत जुना मुद्दा आहे. कायद्यात 'पुरेसे' कर्मचारी असावेत असे म्हटले आहे. एका रहिवाशामागे किती तास शुश्रूषा मिळावी हे सांगितलेले नाही. वेळेवर कूस बदलणे, शौचास नेणे किंवा घास भरवणे यांसाठी माणूसच नसेल, तर कागदावरील हक्क निरुपयोगी ठरतात, असे रहिवाशांच्या संघटनांचे म्हणणे आहे. २०२४ साली केंद्र सरकारने प्रत्येक रहिवाशामागे रोज ३.४८ तास शुश्रूषेचा नियम केला. परिचारिकांचा तुटवडा व खर्च ही कारणे देत नर्सिंग होमचालकांनी त्यास विरोध केला. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने या नियमातील मनुष्यबळाच्या मुख्य तरतुदी रद्द केल्या.

हेही पहा

* वृद्धाश्रम
* मेडिकेअर
* स्मृतिभ्रंश
* आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७