दवाखान्याबाहेरचा दवाखाना : जामखेडची गोष्ट

आपलं गंगाखेड म्हणजे संत जनाबाईचं गाव. जनी दळायला बसली की विठ्ठल तिच्या जात्याला हात लावायचा, तिच्याबरोबर शेण्या वेचायचा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. देव देवळात बसून राहत नाही, तो राबणाऱ्या बाईच्या कामात हात घालतो, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

ख्रिस्ती धर्मातही अशीच एक गोष्ट आहे. येशूने सांगितलेली. वाटेत चोरांनी मारून टाकलेला एक माणूस पडला होता. दोन मोठी धार्मिक माणसं त्याला बघून बाजूनं निघून गेली. मग एक परका माणूस आला. त्याच्या जातीला लोक हलकं समजायचे. तो थांबला, त्यानं जखमा धुऊन बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं आणि पुढच्या खर्चाचे पैसेही भरले. शेजारी कोण, तर जो थांबला तो. आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत ती ही गोष्ट मनावर घेतलेल्या एका नवरा-बायकोची आणि त्यांच्याहून जास्त, त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या खेड्यातल्या बायांची.

परळीवरून बीडला जा, बीड ओलांडा, की जामखेड लागतं. जिल्हा अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, पण माती, पाऊस आणि दुष्काळ आपल्यासारखाच. डॉ. रजनीकांत आरोळे हे त्याच नगर जिल्ह्यातले. त्यांची आणि डॉ. मेबल यांची ओळख वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झाली. १९६० साली लग्न झालं. शहरात दवाखाना टाकून पैसा करायचा नाही, खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं, असं दोघांनी ठरवलं. आधी काही वर्षं ते वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते.

तिथं त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. हगवणीनं सुकलेलं लेकरू आणायचं, सलाइन लावायचं, बरं करून घरी पाठवायचं. महिन्याभरानं तेच लेकरू पुन्हा दारात. कारण घरी पाणी तेच, उपासमार तीच. डॉक्टर कितीही चांगला असला तरी तो दवाखान्यात बसून रोगाच्या मुळापर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून दोघं अमेरिकेला गेले, सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० साली जामखेडला येऊन काम सुरू केलं. सुरुवातीचा दवाखाना होता जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत.

त्या वेळी भागातली स्थिती काय होती? जन्मलेल्या दर हजार लेकरांपैकी १७६ लेकरं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे साधारण सहा पाळण्यांतला एक रिकामा व्हायचा. बाळंतिणीचा पहिला चीक फेकून द्यायचा, बाळाला दोन-तीन दिवस अंगावर पाजायचं नाही. पोटुशी बाईनं कमी खायचं, म्हणजे बाळ लहान राहील आणि सुटका सोपी होईल. नाळेला राख नाहीतर शेण लावायचं. गोवर आला की देवीचा कोप. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलं. त्यांना लेकरांची माया कमी नव्हती, खरी माहिती त्यांच्यापर्यंत कुणी आणलीच नव्हती.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. मिलो आणि सुकडी आठवते ना? ज्यांना आठवत नसेल त्यांनी घरच्या म्हातारीला विचारावं. आरोळ्यांनी आधी गावातल्या लोकांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? लोकांनी औषध मागितलं नाही. पाणी आणि अन्न मागितलं. म्हणून कामाची सुरुवात सामूहिक स्वयंपाकापासून आणि पाण्यापासून झाली. हातपंप घेताना एक शहाणपण केलं. जागा शक्यतो दलित वस्तीत धरली. पाणी पाहिजे असेल तर सगळ्या गावानं तिथंच यायचं. भाषणानं जो विटाळ गेला नसता तो घागरीनं थोडा थोडा गेला. सगळा गेला असं आम्ही म्हणणार नाही.

आता खरी अडचण. गावोगाव जाणार कोण? शिकलेल्या नर्सबाईंना पाठवून बघितलं. परक्या गावात एकट्या बाईनं राहणं अवघड, आणि गावच्या बायका तिच्याजवळ मन मोकळं करेनात. मग गावातूनच सूचना आली : आमच्याच गावातली बाई शिकवा. अशा रीतीनं ग्राम आरोग्य सेविका उभी राहिली. गावानं निवडलेली, बहुतेक वेळा अक्षरओळख नसलेली. कितीतरी जणी दलित, कितीतरी नवऱ्यानं टाकलेल्या नाहीतर विधवा. ज्यांना घरात बोलायची चोरी होती, त्या बायका.

दर आठवड्याला त्या जामखेडला येऊन राहायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. पहिल्या धड्याचं नाव आरोग्य असलं तरी अर्धा धडा तिथंच व्हायचा. पुस्तक नव्हतं. गाणी, गोष्टी आणि डोळ्यांनी बघणं. हगवणीला काय करायचं हे त्यांनी पाठ केलं, आणि ते आपणही पाठ करावं : उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट पाजत राहायचं आणि अंगावरचं पाजणं बंद करायचं नाही. लेकरू निपचित पडलं, डोळे खोल गेले, पाणी पोटात टिकेना, तर वेळ न घालवता दवाखाना.

या बायांनी बाळंतपणं स्वच्छ हातांनी आणि स्वच्छ ब्लेडनं केली. क्षयाचे आणि कुष्ठाचे रोगी शोधले, त्यांना पुरी गोळी संपेपर्यंत सोडलं नाही. गावात महिला मंडळं आणि शेतकरी मंडळं उभी राहिली, बांध घातले, झाडं लावली. विसावं शतक संपता संपता तोच १७६ चा आकडा तीसच्या खाली आला होता. त्यात डॉक्टरांचा वाटा होताच. पण रोज दारोदार गेली ती गावची बाई.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. आरोळे श्रद्धावान ख्रिस्ती होते, ते त्यांनी लपवलं नाही. पण उपचाराला धर्माची अट नव्हती, सेविका होण्यालाही नव्हती. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, सगळ्या बाया त्यात होत्या. आपल्या धर्माचं प्रेम त्यांनी कामातून दाखवलं, बदल्यात काही मागून नव्हे. त्यांच्या आधी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायांसाठी काम केलं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणल्या, आणि त्यांना जेवणाबरोबर हातात हुन्नर दिला.

जगानं जामखेडची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली काढलेल्या पुस्तकात या कामावर प्रकरण आहे. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये पद्मभूषण. १९८८ साली जामखेडच्या सेविका मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मोठ्या सभेत बोलल्या. वर झुंबरं लखलखत होती. त्या म्हणाल्याचा अर्थ असा : झुंबर सुंदर, पण महाग, आणि त्यावरून दुसरं झुंबर पेटत नाही. आमची पणती छोटी, पण एकीवरून दुसरी लावता येते. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. काम मात्र चालू राहिलं.

आज आपल्या गावात आशाताई आहे. २००५ पासून सरकारनं टप्प्याटप्प्यानं ही बाई नेमली. तिच्यात जामखेडच्या सेविकेची ओळख पटते. पण आपण तिला कसं वागवतो? उन्हात आलेल्या आशाताईला पाणी देताना जात आठवते का? सुनेचं वजन करायला ती आली तर सासू म्हणून आपण आडव्या येतो का? तिचा मोबदला थकला तर गटानं कधी ग्रामसभेत विचारलं का? जामखेडला गावानं बाई निवडली आणि गाव तिच्या पाठीशी उभं राहिलं, म्हणून लेकरं वाचली. नुसती बाई नेमून ते झालं नसतं.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की आशाताईला बोलवा. तिला आधी बसायला द्या, मग विचारा : गावात कुणाच्या दारात तुला जाता येत नाही? त्या दारापर्यंत तिच्याबरोबर गटातल्या दोघी जणी जा. काय झालं ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी आपण रेडिओवर त्यावरच बोलू.