हिरव्या पडद्याआधीची निळाई

हिरव्या पडद्याचे तंत्र संगणकयुगाचे अपत्य मानले जाते. त्याचे कूळ त्याहून जुने आहे. 1898 साली जॉर्ज मेलिएसने काळ्या पार्श्वभूमीसमोर एकाच फिल्मवर पुनःपुन्हा चित्रण करून स्वतःचे डोके धडावेगळे करून मेजावर ठेवले! काळा भाग फिल्मवर कोराच राहतो, एवढ्यावर ही सारी किमया.

रंगाचा खरा उपयोग 1940च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये लॅरी बटलर यांनी केला. पडदा निळा, कारण माणसाच्या त्वचेत निळ्याचा अंश फार थोडा. टेक्निकलरचा कॅमेरा तीन रंगांच्या तीन निगेटिव्ह देई; त्यांच्या आधारे निळा भाग गाळून नटाच्या आकाराचा साचा बनवीत आणि मोकळ्या जागी दुसरे दृश्य भरीत. बाटलीतला प्रचंड जिन आणि म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा साबू एका चौकटीत आले ते असे. केसांच्या कडेला मात्र निळी झाक राही. ‘बेन-हर’साठी (1959) पेट्रो व्लाहोस यांनी तिच्यावर उपाय शोधला. पुढे डिजिटल कॅमेऱ्यांचे संवेदक हिरवा रंग अधिक स्वच्छ टिपू लागले आणि पडदा हिरवा झाला.

गवळणीत नटी रंगमंचावर एक फेरी मारून मथुरेच्या वाटेला लागते, तेव्हा ती वाट प्रेक्षकही मनाने रचतो. इथे रिकामेपण एकट्या नटाच्या वाट्याला; प्रेक्षकाला आयती मथुरा मिळते. हा व्यवहार मला विषम वाटतो. ‘द मँडलोरियन’ (2019) मालिकेत नटांभोवती एलईडी पडद्यांची भिंत उभारली गेली, आणि त्यांना डोळ्यांसमोर पुन्हा क्षितिज दिसू लागले.